रेंज गेली, अर्ज कुठे गेला?

जुलैचा पाऊस लागला की संगमेश्वरात शास्त्री-सोनवीचे पाणी चढते, माखजनच्या बाजारात गडनदी शिरते, वीज जाते आणि मागोमाग रेंजही. कोकणाला हे नवे नाही. संताप येतो तो त्यानंतर. सेवा केंद्रात निम्मा अर्ज भरून झालेला असतो, नेट तुटते आणि परत आल्यावर अनेकदा सगळे पहिल्यापासून. दाखल झाला की नाही, हे केंद्रचालकालाही ठाऊक नसते. ‘सर्व्हर डाऊन’ एवढेच उत्तर.

गंमत म्हणजे ईमेल याहून खराब तारांवर वाढली. 1986 मध्ये सुरू झालेल्या ‘अर्नेट’ या संगणकजाळ्याने शैक्षणिक संस्थांना पहिली सेवा दिली ती यूयूसीपी मेलची. युनिक्स प्रणालीचे एक यंत्र मॉडेमने दुसऱ्याला फोन लावी, पत्रांचा गठ्ठा देई-घेई आणि फोन ठेवी. देवरुखहून निघालेले पार्सल डेपो-डेपोवर एसटी बदलत जावे, तसा प्रवास. फोन लागला नाही तर पत्र रांगेत थांबे. मजकूर बहुधा 64 बाइटच्या तुकड्यांत जाई. तारेवरच्या खरखरीने तुकडा बिघडला तर पहिल्यापासून नव्हे, त्या तुकड्यापासून पुन्हा पाठवले जाई.

बिघाड शोधायची रीतही ठरलेली होती. मॉडेमने नंबर फिरवला का? पलीकडून शिट्टी आली का? लॉगिन झाले का? प्रत्येक पायरीची नोंद लॉगमध्ये पडे, त्यामुळे दोष मॉडेमचा, तारेचा की पासवर्डचा, हे कळे. पलीकडच्या यंत्राने ‘login’ म्हणण्याची वाट पाहताना पहिले अक्षर मुद्दाम सोडून उरलेलेच जुळवत. ते कुठे कॅपिटल असे, कुठे स्मॉल, तर कधी खरखरीत बुडून जाई. सेंडमेल हा मेल पोहोचवणारा प्रोग्राम पत्र अडकल्याची सूचना साधारण चार तासांनी देई आणि पाच दिवस धडपडूनच ते कारणासह परत करी.

15 ऑगस्ट 1995 रोजी व्हीएसएनएलने सर्वसामान्यांना इंटरनेट खुले केले. त्यांच्या स्वस्त शेल अकाउंटवर काळ्या पडद्याचे युनिक्सच होते. लिहिता लिहिता लाइन तुटली, तर पाइन हा मेल प्रोग्राम पुढच्या वेळी विचारी: अर्धवट पत्र पुढे लिहायचे का?

तीस वर्षांनी सरकारी पोर्टलला एवढा प्रश्न विचारता येऊ नये?

आधारच्या ऑनलाइन पडताळणीला त्याच क्षणी जोडणी लागते, हे मान्य. पण उत्पन्नाच्या दाखल्याचे कागद यंत्रातच साठवून रात्री पाठवायला काय हरकत आहे? पैशांच्या बाबतीतसुद्धा रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2022 मध्ये छोट्या ऑफलाइन व्यवहारांना वाट करून दिली. शिवाय 2015च्या लोकसेवा हक्क कायद्यात मुदतीचे दिवस अर्ज दाखल झाल्यापासून मोजतात. तो नेटअभावी अडकला, तर ते मोजणे सुरूच होत नाही. म्हणून पोचपावती अर्ज भरला त्या क्षणाची हवी आणि तो कुठे अडकला, हे मराठीत कळायला हवे.

पुढच्या सॉफ्टवेअर निविदेत एक चाचणी घाला: अर्ज अर्धा भरल्यावर केबल काढायची, तासाने लावायची. ही चाचणी मंत्रालयात नको. देवरुखच्या तहसील कार्यालयात, भर जुलैत घ्या.