द्यूताचा पैसा आणि धंदेशिक्षण

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात फिनिक्स, टेंपी, मेसा, ग्लेंडेल अशी जी नगरे एकमेकांना खेटून वसली आहेत, त्यांच्या नगरसभांपुढे एका ठराविक स्वरूपाचा ठराव पुन्हा पुन्हा येत असतो. गरजूंना धंदेशिक्षण देणारी एखादी सेवाभावी संस्था आदिवासी जमातीच्या शासनाकडे अनुदान मागू इच्छिते. तिच्या अर्जास नगराने पाठिंबा द्यावा, आणि पैसा मंजूर झाल्यास तो नगराने स्वीकारून संस्थेच्या हवाली करावा, एवढाच त्याचा आशय. बहुधा चर्चेवाचून, इतर किरकोळ विषयांच्या गठ्ठ्यात तो संमत होतो. नगराच्या तिजोरीतून छदामही जात नसल्याने कोणी तोंड उघडत नाही. आम्हांस मात्र या रुक्ष ठरावात एका विलक्षण उलथापालथीचा इतिहास दिसतो. म्हणूनच आज त्याला अग्रस्थान दिले आहे.

हा पैसा जुगाराचा आहे, हे आधीच स्पष्ट सांगितलेले बरे. आदिवासींच्या राखीव भूमीवर चालणाऱ्या द्यूतगृहांतून, म्हणजे कॅसिनोंतून, तो येतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1987 साली कॅलिफोर्नियातील कॅबेझॉन जमातीच्या खटल्यात असा निर्णय दिला, की जे खेळ राज्याने सर्वस्वी निषिद्ध केलेले नाहीत, ते जमातींच्या भूमीवर बंद पाडण्याचा अधिकार राज्यास नाही. पुढच्याच वर्षी काँग्रेसने कायदा करून राज्ये व जमाती यांनी आपसांत करार करावेत असे ठरविले. ॲरिझोनात तो करार सुखासुखी झाला नाही. 12 मे 1992 रोजी केंद्रीय पोलिसांनी फोर्ट मॅकडॉवेल येथील यावापाई जमातीची खेळयंत्रे जप्त करून मालमोटारींत भरली, तेव्हा जमातीच्या स्त्रीपुरुषांनी आपली वाहने आडवी लावून रस्ता रोखला. मालमोटारी जागीच अडकल्या. तीन आठवडे हा पेच चालला आणि अखेरीस राज्यपालांस वाटाघाटीस बसावे लागले. द्यूतात राज्य गमावल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. द्यूताच्या आधाराने आपले राज्यपण सिद्ध करणाऱ्यांची ही कथा तिच्या नेमकी उलट आहे.

2002 साली ॲरिझोनाच्या मतदारांनी थोड्या मताधिक्याने एक कायदा संमत केला. जमातींनी आपल्या द्यूतगृहांच्या निव्वळ प्राप्तीतून चढत्या प्रमाणात, म्हणजे पहिल्या टप्प्यावर एक टक्क्यापासून वरच्या टप्प्यावर आठ टक्क्यांपर्यंत, सार्वजनिक कार्यास वाटा द्यावा असे त्यात ठरले. 2021 मध्ये करारांची फेररचना होऊन क्रीडास्पर्धांवरील पैजांचीही त्यात भर पडली. या वाट्यापैकी 88 टक्के रक्कम राज्याकडे जाते व शाळा, अपघातग्रस्तांचे उपचार यांसारख्या कामी लागते. उरलेले 12 टक्के जमातींनी आपल्या पसंतीच्या नगरांस व परगण्यांस द्यावयाचे असतात. कायद्यात शब्द ‘नगरे’ असा आहे, ‘संस्था’ असा नाही. म्हणून संस्थेला नगराचा हात धरावा लागतो, आणि म्हणून तो ठराव.

आता कोणी म्हणेल, जुगाराच्या पैशाने बेकारांना वेल्डिंग शिकवावे, मालमोटार हाकण्याचा परवाना मिळवून द्यावा, हे कोठले नीतिशास्त्र? आक्षेप पोकळ नाही. यंत्रापुढे बसून आठवड्याची मजुरी घालविणारा मनुष्य आणि धंदेशिक्षणाच्या वर्गात नाव घालणारा मनुष्य हे कधी कधी एकाच आळीतले, क्वचित एकाच घरातलेही असतात. त्या कायद्यानेच जुगाराचे व्यसन सोडविण्यासाठी राज्याच्या वाट्यातून दोन टक्के बाजूला काढले, हा त्या दोषाचा कबुलीजबाबच आहे. पण आक्षेप घेणाऱ्याने हीला नदीच्या काठी जाऊन यावे. तेथील पीमा लोक स्वतःस ‘नदीचे लोक’ म्हणवतात. कालवे काढून ते शेती करीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सोन्याच्या शोधात पश्चिमेकडे निघालेले वाटसरू त्यांच्याच गव्हावर जगले. पुढे वरच्या अंगास वसाहती झाल्या, पाणी वळविले गेले, आणि शतक संपण्यापूर्वीच या अन्नदात्यांवर उपासमार ओढवली. त्यांच्या पाण्याच्या हक्काचा निवाडा करणारा कायदा व्हावयास 2004 साल उजाडावे लागले. याच पीमांच्या व त्यांच्या शेजारच्या मॅरिकोपांच्या शासनाकडे आज अवतीभवतीची नगरे अर्ज घेऊन जातात.

तेव्हा हे दान नव्हे. एका शासनाने दुसऱ्या शासनास, करारान्वये, स्वतःच्या निवडीने दिलेला हा हिस्सा आहे. नगराधिकाऱ्यांनी ही गोष्ट टिपणीच्या पहिल्याच ओळीत लिहावी, असे आम्हांस वाटते. सर्वच जमाती श्रीमंत झाल्या आहेत अशीही समजूत कोणी करून घेऊ नये. राज्यातील 22 जमातींपैकी कित्येकींचे स्वतःचे द्यूतगृहच नाही; यंत्रे ठेवण्याचा आपला हक्क त्या इतर जमातींस भाडेपट्ट्याने देतात.

आमची खरी तक्रार नगरांविषयी आहे. पैसा एका हाताने घेऊन दुसऱ्या हाताने देणे हे टपालखात्याचे काम झाले. ज्या नगराची सही अर्जावर आहे, त्याने वर्षाअखेर विचारावयास नको काय, की किती शिकले, कितींना काम लागले, आणि बारा महिन्यांनी त्यांपैकी किती कामावर टिकले? या लेखकाने कित्येक वर्षे शाळेत फळ्यापुढे घालविली आहेत. शिवणकामाचे प्रशस्तिपत्र भिंतीवर टांगून स्वतः मात्र शेजारच्या दुकानात हमाली करणारा एक माजी विद्यार्थी अजून डोळ्यांपुढे आहे. वर्ग भरला होता, अहवाल गेला होता, अनुदानही मिळाले होते. गावात शिंपी आधीच उदंड होते, हे तेवढे कोणी पाहिले नव्हते. फिनिक्सच्या उत्तरेस संगणकाच्या सूक्ष्म चकत्यांचे प्रचंड कारखाने उभे राहिले आहेत, उन्हाळ्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो आणि वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करणाऱ्यास उसंत नसते. काय शिकवावे हे तेथे शोधण्यास दूर जावे लागत नाही. आणखी एक धोका आहे. बाहेरचा पैसा आला की नगर स्वतःची तरतूद हळूच कमी करते. जमातीचा पैसा त्या भोकास ठिगळ म्हणून वापरला जाऊ नये, यावर नगरसभासदांनीच डोळा ठेवावयास हवा.

आमच्याकडे मांडवीच्या पात्रात द्यूताच्या नौका झगमगतात, आणि महाराष्ट्राने 1976 चा कॅसिनो कायदा एकदाही अमलात न आणता 2023 साली रद्द केला. दोन्हीकडे वाद झाला तो नीतीचा आणि महसुलाचा. त्या महसुलावर पहिला हक्क कोणाचा, हा प्रश्न आमच्या सभागृहांत क्वचितच ऐकू आला. ॲरिझोनात त्याचे उत्तर आदिवासींनी रस्त्यात गाड्या आडव्या लावून मिळविले. आता तेथील नगरांनी निदान एवढे करावे, की पुढचा असा ठराव येईल तेव्हा तो गठ्ठ्यातून बाहेर काढून स्वतंत्रपणे वाचावा, आणि त्या दिवशी जमातीच्या प्रतिनिधीस सभागृहात मानाने आसन द्यावे.