झिरपणारी विद्या : हंटर आयोग, नीरा डावा कालवा आणि इंदापूर

१/ ‘सर्वांना प्रवेश दिला की दर्जा खालावतो.’ हे वाक्य सुशिक्षितांच्या बैठकीत इतक्या सहजतेने उच्चारले जाते, जणू ते अंकगणितातील सूत्रच. या सूत्राचे वय तपासू या. धागा लांब आहे.

२/ १९ ऑक्टोबर १८८२. महात्मा जोतीराव फुले यांचे हंटर शिक्षण आयोगापुढील निवेदन. तत्कालीन धोरणाचा गाभा असा, की वरच्या वर्गांना उत्तम शिकवावे, विद्या आपोआप खाली झिरपेल. जोतीरावांचा आक्षेप हिशेबाचा होता. महसूल रयतेच्या घामातून येतो, मग खर्च वरच्यांच्या उच्च शिक्षणावर का? लोकल फंडाचा निदान निम्मा भाग प्राथमिक शिक्षणाला मिळावा, अशी त्यांची मागणी होती.

३/ इथवर पाठ्यपुस्तकात असते. त्यापुढचे सहसा कोणी सांगत नाही. शिक्षक प्रशिक्षित असावा, त्याचा पगार वाढवावा, आणि शक्यतो तो नांगराची मूठ धरायला न लाजणारा शेतकरी वर्गातला असावा, हेही त्याच निवेदनात आहे. खाजगीरीत्या अभ्यास करणाऱ्यांना मुंबई विद्यापीठाने प्रवेश परीक्षेस बसू दिले, तशी मुभा पदवी परीक्षांनाही मिळावी, असेही ते म्हणतात. उंबरठा रुंद करा, ही मागणी होती. परीक्षा सोपी करा, ही नव्हे. १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठामागचा विचार इतका जुना आहे.

४/ निवेदनानंतर अवघ्या काही वर्षांत नीरा डाव्या कालव्याचे पाणी बारामतीकडे आणि पुढे इंदापूरकडे वाहू लागले. कालव्यावर शेती करणाऱ्याला ‘टेल’ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. टेलला पाणी झिरपून पोहोचत नाही. ते मोजावे लागते, वरची दारे वेळेवर बंद करावी लागतात, आणि तरीही भांडावे लागतेच.

५/ पुणे विद्यापीठ १९४९ चे. पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर. बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ साली निघाले, विद्या प्रतिष्ठान १९७२ साली. इंदापुरातही कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालय उभे राहिले. संलग्नता आणि पदवी विद्यापीठाची. पण संस्था उभ्या केल्या त्या इथल्या माणसांनी. पुण्याहून झिरपत काहीही आले नाही.

६/ २०१४ साली विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव मिळाले. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने बृहत् आराखड्यातून उच्च शिक्षणाच्या सोयींचे समन्यायी वाटप अपेक्षिले आहे. ‘समन्यायी’ हा शब्द पाणीवाटपाच्या भांडणातून आपल्या चांगलाच परिचयाचा! विद्यापीठाची उपकेंद्रे नगर आणि नाशिकला आहेत, ते योग्यच. परंतु पुणे जिल्ह्याचे पूर्वेचे टोक ‘पुण्यातच’ धरले जाते. इंदापूर पुण्यापासून सव्वाशे किलोमीटरहून दूर आहे.

७/ आता दर्जाविषयी. पहिल्या पिढीचा विद्यार्थी आला म्हणून दर्जा घसरतो, असे म्हणणाऱ्यांनी वर्गासमोर उभा कोण आहे तेही पाहावे. पद रिक्त, शिकवणारा तासिका तत्त्वावर. तास झाला तर पैसे, सुट्टी लागली की कमाई बंद. असा अध्यापक पुढच्या वर्षी त्याच वर्गावर असेल याची शाश्वती त्यालाही नसते. नॅकच्या मूल्यमापनासाठी भिंती रंगवता येतात, रिक्त जागा रंगवता येत नाहीत. जोतीरावांनी शिक्षकाच्या पगाराचा मुद्दा उगाच काढला नव्हता.

८/ कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, १९४७ साली साताऱ्यात महाविद्यालय. तिथली ‘कमवा आणि शिका’ आज पुण्याचे विद्यापीठही राबवते, आणि ती योजना मनापासून स्वागतार्ह आहे. मात्र कर्मवीरांच्या रचनेत कामाआधी वसतिगृह होते. वाडीवस्तीवरच्या ज्या मुलीला तास संपताच एसटी गाठायची आहे, ती कॉलेजात कमवणार केव्हा? शुल्कमाफीनेही हा प्रश्न सुटत नाही.

९/ म्हणून मागणी साधी आहे. तालुकानिहाय मंजूर पदे, भरलेली पदे, तासिका तत्त्वावरील पदे आणि मुलींच्या वसतिगृहातील जागा विद्यापीठाने दरवर्षी जाहीर कराव्यात. यादीची सुरुवात टेलकडून करावी. ‘सर्वसमावेशक’ आणि ‘गुणवत्तापूर्ण’ हे शब्द अहवालात त्यानंतर छापावेत.

पुढील धागा : नीरा डावा कालवा आणि १८७६-७७ चा दुष्काळ.