शिक्का तर आधीच बसलेला असतो

मुलाला एकदा तज्ज्ञांना दाखवून घ्या, एडीएचडी (अवधानाच्या अभावाचा आणि अतिचंचलतेचा विकार) आहे का ते तपासा, असं शाळेतल्या बाईंनी सुचवलं की त्या रात्री घरात सभा भरते. आजोबा म्हणतात, याचा बाप याच्या दुप्पट वांड होता, त्याचं काय वाईट झालं? आजी जंताच्या औषधाची आठवण करून देते. काका मोबाईलवर खापर फोडतो. वडिलांच्या मते शाळेला शिकवता येत नाही, म्हणून ही पळवाट. आई गप्प असते, कारण संस्कारांचा मुद्दा अजून निघायचा आहे आणि तो कुणाच्या माथी मारला जाणार हे तिला ठाऊक असतं. ठराव बहुधा एकमताने होतो: एवढ्यात काही नको, बघू पुढच्या वर्षी.

हा ठराव चुकीचा आहे, असं माझं म्हणणं. पण खंडन करायचं तर पूर्वपक्षाला त्याचं देणं द्यायला हवं. या सभेतल्या सगळ्यांना अडाणी ठरवून मोकळं होता येत नाही. तपासणीविरुद्धचा एक आक्षेप असा आहे की त्याच्यापुढे काही डॉक्टरांनीही मान खाली घालावी. त्याच्याकडे येतोच, आधी किरकोळ उरकू.

सगळ्यात लवकर निकालात निघतो तो ‘हे अमेरिकेचं खूळ, औषध कंपन्यांनी काढलेलं’ हा आक्षेप. सनावळ्यांपुढे तो टिकत नाही. लक्ष एका जागी न ठरणाऱ्या माणसांचं वर्णन अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश डॉक्टरने 1798 मध्ये लिहून ठेवलं आहे. जॉर्ज स्टिल यांनी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये अशा मुलांवर व्याख्यानं दिली ती 1902 मध्ये. आणि ज्या मेथिलफेनिडेटच्या नावाने आज बोटं मोडली जातात ते प्रयोगशाळेत तयार झालं 1944 मध्ये. जे औषध अस्तित्वातच नव्हतं ते खपवण्यासाठी दीडशे वर्षं आधी रोग कोणी काढला? ‘शहरातल्या सुखवस्तूंचे चोचले’ म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 2013 मध्ये आपल्या पालघरला झाली. अंगणवाड्या आणि सरकारी शाळांतल्या मुलांमध्ये ज्या 30 व्याधी शोधायच्या ठरल्या, त्यांच्या यादीत एडीएचडी आहे. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा 2007 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात हे प्रमाण मुलांमध्ये पाच टक्क्यांच्या आसपास निघालं. साठ पोरांच्या वर्गात सरासरी तिघं. जिल्हा परिषदेची शाळा असो की इंटरनॅशनल, बाईंना ते तिघं शोधावे लागत नाहीत.

संस्कारांचा मुद्दा जरा गमतीचा आहे. स्टिल यांनी 1902 मध्ये या मुलांच्या त्रासाला नैतिक संयमाचा दोष म्हटलं होतं. मुलं हुशार आहेत, तरी स्वतःला आवरू शकत नाहीत, हे त्यांनी अचूक टिपलं. नाव मात्र नीतीच्या कप्प्यातलं दिलं. वैद्यक तिथून केव्हाच पुढे गेलं. आपल्या बैठकीच्या खोलीत अजून 1902 साल चालू आहे. जुळ्या मुलांच्या अभ्यासांतून दिसतं की या प्रवृत्तीत माणसामाणसांत जो फरक असतो त्याचा सुमारे 70 ते 80 टक्के भाग आनुवंशिक असतो. म्हणजे ‘याचा बाप याच्या दुप्पट वांड होता’ हे आजोबांचं वाक्य आक्षेप नसून पुरावा आहे, आणि चांगला डॉक्टर ते केसपेपरवर लिहून घेईल. बापाचं खरंच काही वाईट झालं नाही का, हे मात्र आजोबांना विचारू नये. आजीला विचारावं, बायकोला तर विचारावंच.

‘मोबाईलवर तीन तास हलत नाही, मग लक्ष नाही कसं?’ हा प्रश्न जवळपास प्रत्येक घरात येतो आणि तो वाजवी आहे. या मुलांकडे लक्ष नसतं असं नाही. ते हवं तिथे वळवणं आणि टिकवणं त्यांना जमत नाही. खेळात दर काही सेकंदांनी बक्षीस मिळतं, काहीतरी फुटतं, काहीतरी उजळतं. भागाकाराच्या दहा गणितांचं बक्षीस शनिवारी, तेही वहीवरच्या बरोबरच्या खुणेचं. आवडीच्या कामात गढून जाणं आणि नावडत्या कामात दोन मिनिटंही न टिकणं, या दोन्ही गोष्टी एकाच मुलात असतात. त्यामुळे तीन तासांचा मोबाईल एडीएचडी सिद्ध करत नाही, तसा खोडूनही काढत नाही.

आता ‘मोठं झालं की सुटेल’. यात तथ्य आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी 2007 मध्ये दाखवलं की या मुलांच्या मेंदूचं बाह्यपटल पक्व होतं, पण उशिरा. इतर मुलांत जी जाडी साधारण साडेसात वर्षांच्या सुमाराला येते ती यांच्यात साडेदहाच्या आसपास. धावपळ, उड्या, बाकावर चढणं वयाबरोबर कमी होतं हेही खरं. अवधानाचा आणि कामं वेळेत न उरकण्याचा त्रास मात्र पुष्कळांना मोठेपणीही पुरतो. शिवाय मधल्या तीन वर्षांचं काय? तिसरीचे पाढे, चौथीचे अपूर्णांक कोणासाठी थांबत नाहीत. त्या काळात मूल एकच गोष्ट पक्की शिकतं, ती म्हणजे आपल्याला काही जमत नाही. मेंदू साडेदहाव्या वर्षी गाठेल बरोबरी, पण ही शिकवणी तोवर पूर्ण झालेली असते.

दम असलेला आक्षेप आता. ‘नुसत्या लहान, नुसत्या चळवळ्या मुलांना रोगी ठरवतात.’ ठरवतात, आकडे आहेत. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींचा अभ्यास 2012 मध्ये आला. तिथे शाळाप्रवेशाची सीमारेषा 31 डिसेंबर. वर्गात सगळ्यांत लहान ठरणाऱ्या, म्हणजे डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांमध्ये एडीएचडीचं निदान जानेवारीतल्या मुलग्यांपेक्षा 30 टक्के जास्त. मुलींत तर 70 टक्के. डिसेंबरात जन्मल्याने मेंदू बिघडत नाही. अकरा महिन्यांनी लहान पोराचा पोरपणा तिथे रोग म्हणून नोंदला गेला. आपल्याकडेही पहिलीच्या प्रवेशाचं वय 31 डिसेंबरला मोजतात. तेव्हा मुलाचा वाढदिवस नोव्हेंबर-डिसेंबरात असेल, तर तपासणाऱ्याने तो विचारात घेतला का, हे पालकांनी उघड विचारावं.

आपल्याकडचा बाजार याहून वाईट आहे. दहा मिनिटांत चिठ्ठी लिहिणारे आहेत. बोटांच्या ठशांवरून मेंदूचा आराखडा सांगणाऱ्या ‘डीएमआयटी’ला कसलाही शास्त्रीय पाया नाही, तरी शाळांच्या सभागृहात तिची शिबिरं भरतात. ‘ब्रेन मॅपिंग’चे रंगीत कागद हजारो रुपयांना विकले जातात. खरी गोष्ट अशी की एडीएचडी ठरवणारी रक्ताची तपासणी नाही, स्कॅन नाही, यंत्र नाही. जो कोणी एका कागदावर ते छापून देतो तो तुम्हाला कागद विकतो आहे.

इतकं मान्य केल्यावर विरोधकांचं निम्मं जिंकून झालं. पण त्यातून निघणारा निष्कर्ष त्यांच्या उपयोगाचा नाही. वाईट तपासणी मुलांना चुकीचं ठरवते, म्हणून तपासणीच नको? मग त्या डिसेंबरातल्या पोराला एडीएचडी नाही, ते फक्त लहान आहे, हे सांगणार कोण? तेही तपासणीच सांगते. ‘नाही’ हे उत्तर मिळवण्याचा रस्ता तोच आहे.

चांगली तपासणी कशी असते, हे नीट सांगायला हवं, कारण बहुतेक घरांनी ती पाहिलेलीच नसते. तिला दोन-तीन भेटी लागतात. सुरुवात गर्भारपणापासून होते: बाळ किती दिवसांचं, वजन किती, बोलायला कधी लागलं, झटके आले का. मग कान आणि डोळे. ज्याला उजव्या कानाने कमी ऐकू येतं ते मूल हाक मारली तर बघत नाही, आणि घरात त्याला बेफिकीर म्हणतात. मग झोप. ॲडेनॉइड वाढल्यामुळे रात्रभर घोरणारं, तोंडाने श्वास घेणारं मूल दिवसा चिडचिडं आणि अस्थिर असतं. रक्तात लोह कमी असेल तर तेही पाहावं लागतं, लक्षणं सुचवत असतील तर थायरॉइडही. अपस्माराचा एक प्रकार असा की मूल काही सेकंद नुसतं शून्यात पाहतं, हातातली पेन्सिल थांबते, पुन्हा चालू होते. बाई लिहितात, ‘वर्गात स्वप्नं बघतो’. वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता असेल तर मूल धड्यापासून पळतं, कारण धडा त्याला दिसतो तसा वाचताच येत नाही. आणि घरात रोज मारहाण होत असेल, तर त्या मुलाचं लक्ष कवितेवर का नाही हे विचारण्यात अर्थ नसतो.

यातलं काही असलं म्हणून एडीएचडी आपोआप रद्द होत नाही, हेही डॉक्टरला ठाऊक हवं. अध्ययन अक्षमता तर पुष्कळदा त्याच्या सोबतीनेच येते. त्यानंतर निकषांचा हिशोब. अवधानाची नऊ आणि अतिचंचलतेची-उतावीळपणाची नऊ लक्षणं. कोणत्याही एका गटातली किमान सहा, सहा महिने टिकलेली, वयाशी विसंगत, बारा वर्षांच्या आत सुरू झालेली आणि एकाहून जास्त ठिकाणी दिसणारी. शेवटची अट फार मोलाची आहे. फक्त गणिताच्या तासाला दिसणारा एडीएचडी बहुधा गणिताचा असतो, किंवा गणिताच्या सरांचा. म्हणूनच शाळेकडून भरलेल्या प्रश्नावलीशिवाय निदान करणं अर्धवट काम आहे.

आणि भाषा. घरात अहिराणी किंवा मालवणी, गल्लीत हिंदी, शाळेत पहिल्या दिवसापासून इंग्रजी. न कळणाऱ्या भाषेत पाच तास कोण लक्ष देईल? मोठी माणसं अशा सेमिनारमध्ये फोन काढून बसतात. धारवाडच्या वि. वि. कामतांनी 1930च्या दशकात बिनेची बुद्धिमत्ता चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली, कारण मूल ज्या भाषेत विचार करतं त्याच भाषेत ते मोजलं पाहिजे हे त्यांना कळलं होतं. एडीएचडीसाठी 2014 मध्ये प्रसिद्ध झालेलं इन्क्लेन या संशोधन संस्थेचं निदान-साधनही भारतीय मुलं डोळ्यांपुढे ठेवून बनलं आहे. तेव्हा पुण्यातल्या मराठी मुलाची तपासणी फाडफाड इंग्रजीत होत असेल, तर तिथून उठायला हरकत नाही.

औषधाची भीती रास्त आहे, पण ती चुकीच्या दाराशी उभी आहे. तपासणी म्हणजे औषध नव्हे. सहा वर्षांखालच्या मुलांत अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटनासुद्धा आधी पालकांना वर्तन-प्रशिक्षण द्या म्हणते. मोठ्या मुलांत औषध उपयोगी पडतं, भूक आणि झोप कमी करू शकतं, उंची, वजन आणि रक्तदाब मोजत राहावे लागतात. अमेरिकेत 579 मुलांवर झालेल्या आणि 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, चौदा महिन्यांनंतर, काटेकोर देखरेखीखालचं औषध नुसत्या वर्तनोपचारापेक्षा सरस ठरलं. तीन वर्षांनी गटांतला तो फरक उरला नाही. दोन्ही वाक्यं एका दमात सांगणारा डॉक्टर विश्वासाचा. घ्यायचं की नाही हा निर्णय नंतरचा आणि पालकांचा. ‘गोळी सुरू करा नाहीतर दाखला घेऊन जा’ म्हणणाऱ्या शाळेला तो अधिकार नाही. शिक्षण हक्क कायद्याचं सोळावं कलम आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढू देत नाही, आणि सतरावं कलम शारीरिक शिक्षा व मानसिक छळ दोन्ही मना करतं.

राहिला शिक्का. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं घरचे म्हणतात. पण ही मूठ झाकलेली आहे कुठे? वांड, ढ, आळशी, बिनडोक, ‘डोकं आहे पण वापरत नाही’ असे शिक्के मुलावर कधीच बसलेले असतात. वर्गातल्या पोरांना ते पाठ असतात, वाढदिवसाला न बोलावणाऱ्या आयांना ठाऊक असतात. मुलींचं तर आणखीच अवघड. त्या बाकावरून उड्या मारत नाहीत, खिडकीशी गप्प बसतात, वही विसरतात, म्हणून त्यांना कोणी तपासणीला पाठवतच नाही. ‘वेंधळी’ म्हणून सोडून देतात. डॉक्टरच्या अहवालाला निदान 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याची गोपनीयता आहे. ‘ढ’ला ती नाही, ते नाव वर्गभर मोठ्याने घेतलं जातं.

कायद्याचं एक उणं मात्र आहे. दिव्यांगांच्या 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यांत अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे, एडीएचडीचं स्वतंत्र नाव नाही. सवलतींसाठी झगडणाऱ्या पालकांनी यावर आवाज उठवायला हवा, आणि तपासणीच टाळणाऱ्यांकडून तो कधीच उठणार नाही.

ज्यांच्या घरी ही सभा झाली आहे किंवा होऊ घातली आहे त्यांना एवढंच सांगणं: पुढच्या वर्षाची वाट पाहू नका. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या बालरोग किंवा मानसोपचार विभागात जा. मार्ग सापडत नसेल तर टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर विचारा. पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं, दोन-चार वह्या आणि बाईंचं पत्र बरोबर न्या. निदान हातात पडलं की दोन प्रश्न करा: मुलाचे कान तपासले का, आणि शाळेचं म्हणणं घेतलं का. दोन्हींची उत्तरं ‘नाही’ आली, तर फी देऊन निमूट बाहेर पडा आणि दुसरा डॉक्टर गाठा.