मागल्या दाराचे पाहुणे

२०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत विजयदुर्ग आहे. आमच्या बडोद्यातील एका स्नेह्यांनी लगोलग मोटार काढली आणि परतल्यावर मंडळींत सांगितले, "विजयदुर्ग पाहून झाला." आमचे नम्र म्हणणे असे की, त्यांनी तो पाहिलाच नाही. बंदराचे गाव समुद्राकडे तोंड करून बसलेले असते. सडकेने जाणारा त्याच्या मागल्या दारावरूनच परततो.

काही वर्षांपूर्वी फाल्गुनात आम्ही एका वृद्ध तांडेलाच्या शिडाच्या होडीतून पूर्णगडाहून विजयदुर्गास गेलो. पहाटे मतलई वाऱ्याने आम्हांस खाडीबाहेर काढले. दुपारी वायव्येचा खारा वारा शिडात भरला. बराच वेळ काळ्या खडकाखेरीज काही दिसेना. मग त्या खडकालाच बुरूज फुटले. तट उजव्या हाताला ठेवून वाघोटणच्या खाडीत शिरलो आणि लाट एकदम निमाली. किल्ला येथेच का, हे त्या एका वळणाने समजले. येणाऱ्या शत्रूला तोफांखालूनच जावे लागे आणि आपल्या गलबतांना आत निवारा मिळे. खाडीत आणखी आत गेल्यावर आंग्र्यांची खडकात खोदलेली गोदी लागते. आमच्या स्नेह्यांना तिचे नावही ठाऊक नव्हते.

हा केवळ रसिकतेचा प्रश्न असता, तर आम्ही लेखणी उचलली नसती. तुळाजी आंग्र्यांना नमविण्यासाठी पेशव्यांनी इंग्रजांचे साहाय्य घेतले. फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशव्यांची फौज जमिनीच्या बाजूस तळ देऊन होती आणि वॉटसनचे आरमार समुद्रातून आले. आंग्र्यांची गलबते याच खाडीत जळाली. तुळाजीचे अपराध असतील. परंतु त्या तोडीचे मराठी आरमार पुन्हा उभे राहिले नाही. समुद्राला पाठमोरे राहण्याची ही खोड जुनी आहे. आजचा मोटारप्रवासी तीच पुढे चालवीत आहे.

यावर कोणी म्हणेल, शिडाची नौका हा श्रीमंतांचा छंद आहे. हे म्हणणे आम्हांस मान्य नाही. ज्या खारव्यांनी, भंडाऱ्यांनी आणि कोळ्यांनी शतकानुशतके शिडे हाकली, त्यांत श्रीमंत किती होते? आज बहुतेक होड्यांना यंत्रे बसली आहेत, आणि वारा ओळखण्याची विद्या थोड्या वृद्धांपाशी उरली आहे. २००९-१० मध्ये दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा आपण टाळ्या वाजविल्या. पण आपल्या मुलांना शिडाची दोरी धरावयास कोणी पाठविले? तांडेलाला मजुरी देऊन दोन दिवस त्याच्यासोबत हिंडण्यास मोटारीच्या सहलीहून अधिक खर्च येत नाही.

कोकण दूर आहे, असे आम्हां बडोदेकरांनी म्हणू नये. भडोच तर दाराशी आहे. पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाने लिहून ठेवले आहे की, तेथील भरती-ओहोटी परक्या गलबतांना घातक असे; म्हणून राजाच्या चाकरीतले स्थानिक मच्छीमार समुद्रात पुढे येऊन त्यांना वाट दाखवीत. आम्ही मात्र नर्मदेचा पूल आगगाडीने ओलांडतो, पाण्यात एक नाणे टाकतो आणि पुन्हा वर्तमानपत्रात डोके घालतो.