आधी रोबो चालवा, मग गणित मांडा
यांत्रिक हाताच्या सांध्यांचे गणित मांडण्याची डेनाविट-हार्टेनबर्ग पद्धत 1955 सालची. रोबोटिक्सच्या पहिल्या अभ्यासक्रमात ती हवीच. पण सुरुवात तिथून होऊ नये. पहिल्याच आठवड्यात विद्यार्थ्याच्या हाती दोन चाकांचा छोटा रोबो द्यावा. दोन्ही मोटरना सारखेच व्होल्टेज दिले तरी तो एका बाजूला ओढतो, कारण एका मोटरचे घर्षण थोडे जास्त असते किंवा एक चाक किंचित लहान. दिशेत फक्त 1 अंशाची चूक राहिली, तरी 10 मीटरवर तो सुमारे 17 सेंटीमीटर भरकटतो. मग चाकाचे फेरे मोजणारा एन्कोडर लावावा लागतो, आणि चाक घसरले की तोही फसतो. चालीतली चूक मोजून ती सुधारणारा फीडबॅक कशासाठी लागतो, हे इथे पुरते उमजते.

अशाने विद्यापीठाचा विषय खेळण्यावर येईल, असा आक्षेप घेतला जातो. तो मला पटत नाही. चूक डोळ्यांदेखत घडली की विद्यार्थी स्वतःहून गणित मागतो. खर्चाचा मुद्दा मात्र खरा आहे; तरी आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र प्रकल्पाने महाविद्यालयांत रोबोटिक्स प्रयोगशाळा उभारायला हातभार लावला आहे, म्हणजे वाट आहे. खरे घोडे अडते ते परीक्षेत. भरकटलेला रोबो सरळ करण्याचे कौशल्य लेखी पेपरात तपासताच येत नाही. विद्यापीठांनी निम्मे गुण तरी प्रात्यक्षिकाला द्यावेत.