न चाळता येणारी गोष्ट

साहित्याच्या अध्यापकाने व्हिडिओ गेमवर लिहावे, आणि तेही घाम गाळायला लावणाऱ्या गेमवर, हे आमच्या काही वाचकांस रुचणार नाही याची आम्हांस कल्पना आहे. तरीही लिहीत आहोत. कारण गेल्या चार महिन्यांत वाचनाविषयी जे थोडेफार नव्याने उमगले, ते एका प्लास्टिकच्या कड्यामुळे उमगले.

निमित्त सांगितले पाहिजे. आमच्या गुरुजींच्या शोकसभेत भारतीय बैठक होती. दीड तास सतरंजीवर बसलो, गुरुजींच्या समीक्षादृष्टीवर चार शब्द बोललो, आणि सभा संपल्यावर उठू लागलो तो उठताच येईना. दोघा विद्यार्थ्यांनी काखेत हात घालून आम्हांस उभे केले. ‘वैचारिक बैठक’ हा शब्दप्रयोग आम्ही तीस वर्षे वर्गात मुक्तहस्ते वापरला. देहाला साधी एक बैठक झेपत नाही, हे त्या संध्याकाळी चारचौघांत सिद्ध झाले. कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते.

भाची शिकायला परदेशी जाताना आपला निन्टेन्डो स्विच आणि ‘रिंग फिट अ‍ॅडव्हेंचर’चे खोके आमच्याकडे ठेवून गेली होती. हा गेम ऑक्टोबर २०१९ मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी, टाळेबंदीच्या काळात, अनेक देशांत त्याचा तुटवडा पडला. सामग्री दोनच वस्तूंची : दोन्ही हातांनी दाबता-ताणता येणारे लवचीक कडे आणि डाव्या मांडीला बांधायचा पट्टा. उजवा कंट्रोलर कड्यात बसतो, डावा पट्ट्याच्या खिशात. कड्यावरचा दाब आणि ताण मोजला जातो; मांडीवरच्या कंट्रोलरला पाय उचलला की वाकला हे कळते. आपण जागच्या जागी धावलो की पडद्यावरचा नायक धावतो, आपण थांबलो की तोही थांबतो. शत्रू समोर आला की बैठका, दंडाचे आणि पोटाचे व्यायाम हीच शस्त्रे.

खरी परीक्षा मात्र खेळापूर्वीच होते. गेम वय विचारतो, वजन विचारतो, व्यायामाची सवय कितपत आहे ते विचारतो, कडे जोर लावून दाबायला सांगतो आणि त्यावरून काठिण्यपातळी सुचवतो. ही पातळी तीसपर्यंत चढवता येते. बंद खोलीत, साक्षीला कोणी नसताना, आम्ही वजन चार किलोंनी कमी सांगितले. सुचवलेली पातळी अपमानास्पद वाटली म्हणून ती १८ वर नेली. आत्मचरित्रांतील असत्यकथनावर व्याख्याने देणाऱ्या माणसाने हे करावे! तिसऱ्या दिवशी विभागाचा जिना कठडा धरून, खेकड्यासारखा तिरपा उतरलो, आणि पुढचे आठ दिवस कडे कपाटात पडून राहिले.

तेव्हा नव्याने आरंभ करणाऱ्यांस आमचे सांगणे एवढेच, की पहिल्या पानावर खरे लिहा. गुडघे दुखरे असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. पायाखाली न सरकणारी चटई घ्या. खालच्या मजल्यावर कोणी राहत असेल तर धावण्याऐवजी गुडघ्यांत हलके वाकण्यावर भागवणारी शांत पद्धत निवडा. सुरुवातीचे अंग ताणण्याचे प्रकार प्रस्तावनेसारखे गाळू नका.

दुसऱ्यांदा सुरुवात केली ती आठव्या पातळीवर, खऱ्या वजनासह. आणि मग लक्षात आले, की ही गोष्ट चाळता येत नाही. साहित्यातला माणूस चाळण्यात तरबेज असतो. पहिली चाळीस पाने, शेवटची वीस आणि मलपृष्ठ एवढ्या शिदोरीवर परिसंवाद गाजवणारे वक्ते आम्ही पाहिले आहेत. त्यांच्या शेजारच्या खुर्चीत आम्हीही बसलो आहोत. इथे पुढची टेकडी कितीही सरधोपट असो, ती पायांनीच ओलांडावी लागते. वर, शेवटी प्रत्यक्ष व्यायामाचा वेळ पडद्यावर येतो. पाऊण तास राबलो असे वाटते तेव्हा तिथे सतरा मिनिटे लिहिलेली असतात. आमच्या वाचनाचा असा हिशेब आजवर कोणी मागितलेला नाही.

देहाच्या लयीवर चालणारी रचना मराठीला नवी नाही. जात्यावरच्या ओव्या आम्ही दरवर्षी शिकवतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पातून अशा लाखाच्या घरातल्या ओव्या गोळा झाल्या, हेही सांगतो. शिकवतो मात्र खुर्चीत बसून, आणि ओळ कुठे तुटते याचे कारण छंदःशास्त्रात शोधतो. दळणाऱ्या बाईला दम कुठे लागत असेल, हा प्रश्न आम्हांस प्रथम पडला तो पंचविसाव्या बैठकीला, स्वतःला धाप लागल्यावर. तुलना फार ताणू नये. तिच्या श्रमांतून पीठ पडत होते आणि ते श्रम टाळण्याची मुभा तिला नव्हती. आमच्या श्रमांतून कॅलरींचा आकडा पडतो आणि नको वाटले की बटण दाबून आम्ही मोकळे. पण यंदा ओवी शिकवताना ती आम्ही उभ्याने म्हणून दाखवली. एवढा फरक पडला.

कथा म्हणाल तर बालवाङ्मयातली. बोलके कडे नायकाला भेटते, आपल्याला दाबा-ताणा म्हणते, आणि त्या गडबडीत कोंडून ठेवलेला ड्रागो नावाचा अजस्र ड्रॅगन सुटतो. तोच तोच ड्रॅगन पुनःपुन्हा सामोरा येतो, हा रचनेचा दोष आहेच. पण खलनायकाची निवड विचार करायला लावणारी आहे. व्यायामाच्या गेममध्ये शत्रू म्हणून आळस उभा करणे सोपे होते. इथे शत्रू आहे व्यायामानेच उन्मत्त झालेला, स्वतःच्या दंडांवर भाळलेला पहिलवान, आणि तो एके काळी त्या कड्याचाच साथीदार होता. योगासनांचे मात्र वाईट वाटते. वीरभद्रासन इथे नुसते ‘वॉरियर’ होऊन येते. दक्षाचा यज्ञ उधळणारा वीरभद्र वाटेत कुठेतरी गळून पडला आहे. तक्रार तरी कोणत्या तोंडाने करावी? बडोद्याहून निघालेल्या मराठी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड आम्ही ग्रंथालयात अनेकदा हाताळले, त्यांवर एक टिपणही लिहिले. त्यापायी एक जोर काढल्याचे मात्र स्मरत नाही.

राहिला कौतुकाचा मुद्दा. याच कंपनीचा ‘वी फिट’ डिसेंबर २००७ मध्ये जपानात आला, तेव्हा तो खेळाडूला फळीवर उभे करून वजन घेई, उंचीशी त्याचे गुणोत्तर काढी आणि स्थूल असेल त्याला तसे तोंडावर सांगे. तो जुन्या वळणाचा टीकाकार. रिंग फिटमधले कडे दुसऱ्या टोकाचे : अर्धवट वाकलो तरी ‘वा!’, धापा टाकत संपवले तरी ‘वा!’. प्रथमप्रथम त्याची आम्हांस चीड येई. मागेल त्याला प्रस्तावना लिहून देणारे एक ज्येष्ठ आठवत. पण सहाव्या दिवशी, अंग ठणकत असताना, पुन्हा चटईवर उभे राहिलो ते त्या खोट्या ‘वा!’साठीच, हे कबूल केले पाहिजे. त्याच सुमारास काही वर्षांपूर्वीची एक विद्यार्थिनी आठवली. तिचा पहिला समीक्षालेख आम्ही लाल शाईने रंगवून परत दिला होता. खुणा एकूण एक रास्त होत्या, आजही त्यांतली एकही मागे घेणार नाही. तिने दुसरा लेख आणला नाही. पहिल्या परिच्छेदातले एक वाक्य खरोखर चांगले होते. समासात तसे लिहायचे राहून गेले.

उद्या पहाटे ड्रागोशी पुढची गाठ आहे. पातळी नऊ. वजन मात्र सव्वा किलोने वाढले आहे, आणि या खेपेस ते आम्ही आहे तसे नोंदवले आहे.