साक्षीची घाई नको

रविवारी वचनवाचन झालं की आमच्या मंडळीत साक्षीसाठी वेळ देतात. कुणीतरी पुढे येऊन आपल्यावर काय ओढवलं आणि प्रभूनं त्यातून कसं सोडवलं हे सांगतं. गाठ साधीच निघाली, दारू सुटली, मुलाला नोकरी लागली, वैनगंगेच्या पुरात घर वाचलं. ऐकणाऱ्याला धीर येतो, आणि अशाच साक्षी ऐकत मी लहानाची मोठी झाले. पण ज्याचं दुःख अजून संपलेलंच नाही, त्याला त्या पाच-दहा मिनिटांत जागा नसते. बरं झालेल्या लेकराची आई पुढे येते. बरं न झालेल्या लेकराची आई मागच्या बाकावर बसून राहते, आणि तिच्या विश्वासातच काही उणं असेल का, ही शंका दहा जणांच्या मनात येऊन जाते. दुःखातून माणूस विश्वासात वाढतो असं आम्ही ख्रिस्ती लोक ठामपणे म्हणतो. मीही म्हणते. मात्र ती वाढ किती सावकाश होते आणि दुसऱ्यानं घाई केली की कशी खुंटते, याबद्दल आम्ही फारसं बोलत नाही.

माझी सगळी नोकरी गडचिरोली जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांत नर्स म्हणून झाली. आता चंद्रपूरला राहते. धानोरा, एटापल्लीकडे असताना मलेरियानं फणफणलेली किती मुलं पाहिली त्याची गणती नाही. पण आमच्या भागात मुरलेला आजार म्हणजे सिकलसेल. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. थंडी वाजली, ताप आला, अंगातलं पाणी कमी झालं की हाडं आतून ठणकू लागतात. आईवडील दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहकाला स्वतःला सहसा काहीच होत नाही, म्हणून तो तपासायलाही जात नाही. माझ्या धाकट्या मुलाला हा आजार होता. आम्ही दोघं वाहक आहोत हे लग्नाच्या वेळी ना आम्हाला ठाऊक होतं, ना आमच्या घरच्यांना.

दुखणं बहुतेक रात्रीच उठायचं. आधी गुडघे, मग पाठ. मी पाणी पाजत राहायची, गरम फडक्यानं शेकायची आणि पुढची गोळी किती वाजता देता येईल याचा हिशेब करायची. तो उशीचा कोपरा दातात धरून पडायचा, कारण पलीकडच्या खोलीत बहीण अभ्यास करून झोपलेली असायची. ती जागी होऊ नये एवढंच त्याच्या मनात असायचं. बारावीच्या वर्षी तो गेला.

त्या दिवसांत घरी आलेल्या माणसांचा हेतू चांगलाच होता. देव ज्याच्यावर प्रेम करतो त्याची परीक्षा घेतो, असं एकानं सांगितलं. देवाला आपल्या बागेसाठी फूल हवं होतं, असं दुसऱ्यानं. तो हयात असताना एक जण तर सिकलसेलवरच्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या बंद करा, विश्वास पुरे आहे, असंही सांगून गेला होता. मी गोळ्या बंद केल्या नाहीत.

आणि आमच्या मंडळीत एक म्हातारी बायबल बाई होती. ती रोज सकाळी यायची, स्वयंपाकघरात जाऊन तांदळाची पेज करायची, मीठ घालून वाटी माझ्या हातात द्यायची. “पोरी, दोन घोट घे. मंग बोलू.” बोलणं काही होत नसे. मी पेज प्यायले की ती भांडी घासून, पदराला हात पुसत निघून जायची. तिनं स्वतःची दोन लेकरं मातीत ठेवली होती, हे मला फार उशिरा दुसऱ्याच कुणाकडून कळलं. विश्वासात परिपक्व झालेलं माणूस कसं असतं असं कुणी विचारलं तर मला तीच आठवते.

ईयोबाचं पुस्तक या बाबतीत आम्ही नीट वाचत नाही. मुलंबाळं, गुरंढोरं, अंगाची कातडी, सगळं गेलेल्या ईयोबाजवळ त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्यासोबत जमिनीवर बसून राहिले, एक शब्द न बोलता. तोवर त्यांचं सगळं बरोबर होतं. मग त्यांनी तोंड उघडलं आणि त्याच्या दुःखाचं कारण समजावून सांगायला लागले. शेवटी देवाचा राग होतो तो या समजावणाऱ्यांवर. देवाशी भांडणाऱ्या, जन्मदिवसाला शाप देणाऱ्या ईयोबाच्या बाजूनं देव बोलतो. जिच्या घरात प्रेत आहे तिनं देवाला जाब विचारला तर तिला गप्प करायचा अधिकार आम्हाला कुणी दिला?

यावर हमखास पौलाचं नाव पुढे केलं जातं. रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तो दुःखातून धीर आणि धीरातून आशा येण्याची वाट सांगतो, ते खरंच आहे. पण तो ते आपल्यासकट सगळ्यांबद्दल बोलतो, आणि तो फटके खाऊन, कोठडीत राहून आलेला माणूस आहे. स्वतःच्या जखमेकडे पाहून असं म्हणण्याचा त्याला हक्क होता. तेच वाक्य दुसऱ्याच्या जखमेवर ठेवलं की फार दुखतं.

दुःखातून विश्वासात वाढायला किती वेळ लागतो, हे पाहायला लांब जायला नको. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण १८७० च्या दशकातल्या दुष्काळात उपासमारीनं गेले. भावाबरोबर पायी देश फिरल्या, तो भाऊ १८८० मध्ये गेला. पती बिपिनबिहारी मेधावी १८८२ मध्ये कॉलऱ्यानं गेले, तेव्हा मुलगी मनोरमा तान्ही होती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. एवढं सोसल्यावर विश्वास एकदम पक्का झाला असेल असं वाटावं. पण रमाबाईंनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे की धर्म हाती आला तरी ख्रिस्त सापडायला त्यांना आणखी आठ वर्षं लागली. इतकी बुद्धिमान बाई, संस्कृत शास्त्रांची पंडिता, आणि ती हे उघडपणे लिहिते.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाईंना आपलं लहानपण आठवलं, भुकेनं चाललेले आईवडील आठवले, आणि त्या पुण्याहून मध्य प्रांतात गेल्या. आपला चांदा म्हणजे चंद्रपूर जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. आजचा गडचिरोली जिल्हा त्यातूनच १९८२ मध्ये वेगळा झाला. दुष्काळी भागातल्या शेकडो मुली आणि विधवा त्यांनी आणल्या, आणि त्यांच्यासाठी केडगावचं मुक्ती सदन वाढलं. वीस वर्षांपूर्वीची उपासमार इथे कामाला आली. म्हणून ती देवानं योजली होती असं मी म्हणणार नाही. ती आठवण त्यांनी दाबून टाकली नाही, तिच्यापासून पळाल्या नाहीत, एवढं मला दिसतं.

लक्ष्मीबाई टिळकांचंही तसंच. पती नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला आणि लहान मुलाला, दत्तूला, घेऊन त्या नातलगांकडे राहिल्या, लोकांचे टोमणे खात. त्यांनी नवऱ्याच्या मागोमाग धर्म बदलला नाही. जातिभेद मनातून काढून टाकला तोही आपला आपण, बाप्तिस्म्याच्या आधी. १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा तो त्यांचा स्वतःचा होता. ‘स्मृतिचित्रे’ वाचा: त्या रडतात, चिडतात, पोट धरून हसायला लावतात, पण दुःखाला कुठेही सोन्याचा मुलामा देत नाहीत.

माझ्यात काय झालं हेही सांगायला हवं. कित्येक महिने मला प्रार्थना करता येत नव्हती. इतर लोक गात तेव्हा मी फक्त उभी राहायची. मग हळूहळू प्रार्थनेतलं मागणं कमी झालं, देवाला अटी घालणं थांबलं. रात्री कुणाच्या घरी ठणक उठली तर मी जाऊन बसू लागले आणि त्या आईला काही सांगायची मला गरज वाटेनाशी झाली. हे मला मोलाचं आहे. पण मुलगा देऊन मिळालेलं शहाणपण म्हणून कुणी त्याचं कौतुक केलं तर मला ते सहन होत नाही. तो सौदा मी कधीच केला नसता.

जे दुःख टाळता येतं ते देवाची शाळा म्हणून सोसत राहणं मला मान्य नाही. चारही शुभवर्तमानांत येशू एकाही रुग्णाला आत्म्याच्या वाढीसाठी हा आजार अंगावर ठेव असं सांगत नाही. तो बरं करतो. केंद्र सरकारनं १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू केलं, उद्दिष्ट २०४७ चं. पहिली सोल्युबिलिटी चाचणी रक्ताच्या थेंबावर होते, शंका आली की पुढची तपासणी. लग्नाआधी आमच्या मंडळ्यांत तीन रविवार वधू-वरांची नावं वाचतात, बाप्तिस्म्याचा दाखला मागतात. त्याच्याबरोबर सिकलसेलची तपासणी करून घ्यायलाही पाळकांनी सांगावं. निकाल फक्त त्या दोघांच्या हाती जावा, नाहीतर नेहमीप्रमाणे मुलीचंच लग्न मोडेल. दोघंही वाहक निघाले तर लग्न करायचं की नाही हे त्यांनी ठरवावं. पोटातल्या बाळाची तपासणी होऊ शकते, हेही त्यांना कुणीतरी नीट समजावून सांगितलं पाहिजे, आणि ते काम आमच्यासारख्या निवृत्त नर्सेस आनंदानं करतील.

साक्षीच्या वेळेतही बदल हवा. अजून ज्यांचं काही सुटलेलं नाही त्यांनाही पुढे बोलवा; त्यांनी देवावरचा राग बोलून दाखवला तर दाखवू द्या, आणि त्यावर लगेच ‘आमेन’ म्हणून पुढचं गीत सुरू करू नका. चाचणीबद्दल सांगणाऱ्या पाळकांना पहिल्या वर्षी विरोध होईल, घरच्यांचे फोन येतील. त्यांनी ते फोन खुशाल माझ्याकडे पाठवावेत.